हातात १२,००० रुपये आणि दारात नाताळ

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. तुम्ही पिंपरी-चिंचवडला राहता. यजमान भोसरीतल्या कारखान्यात आहेत आणि ऑगस्टपासून त्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. गेल्या नाताळला ३८,००० रुपये गेले, त्यातले बरेचसे क्रेडिट कार्डावर, आणि ते फेडता फेडता जुलै उजाडला. या वर्षी हातात १२,००० आहेत, त्यावर एक रुपयाही नाही. सासू-सासरे नगर जिल्ह्यातल्या गावाहून येणार आहेत, नणंदांना दरवर्षी साड्या जातात, सोसायटीत मुलांनी एकमेकांना भेटी द्यायचं ठरवलंय. प्रभूचा जन्मदिवस मनापासून साजरा व्हावा, मुलांना उणं वाटू नये आणि पुन्हा कर्जही होऊ नये, हे तिन्ही एकत्र कसं जमवायचं, असं तुम्ही विचारलंय. अगदी शेवटी एक ओळ आहे. मुलीने तुम्हाला विचारलं, "आई, आपण गरीब झालो का?" त्या ओळीपाशी मी थांबले. तिचं उत्तर मी शेवटी देते, कारण ते द्यायला आधीचं सगळं लागेल.

माझे यजमान नगर आणि आसपासच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होते. मी बावीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवलं आणि अकरा वर्षं आमच्या महिला संघाची खजिनदार होते. त्यामुळे नाताळचा हिशेब मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय. देवळात तो कसा दिसतो तेही, आणि जानेवारीत एखादी बहीण मागच्या दाराने येऊन "थोडे पैसे मिळतील का" म्हणते तेव्हा तो कसा दिसतो तेही.

तुम्ही दिलेली गेल्या वर्षीची यादी पाहिली. त्यात दोन गोष्टी मला दिसल्या. जवळपास सगळा खर्च १५ डिसेंबरनंतरचा आहे. आणि निम्म्याहून जास्त खर्च तुमच्या चौघांवर झालेलाच नाही, तो "काय म्हणतील" यावर झालाय. साड्या, हॉटेलातलं जेवण, दुकानातलं मोठं झाड, पाहुण्यांसाठी मागवलेला दोन किलोंचा केक. तेव्हा पैसे कमी पडतात ही अडचण खरी असली तरी ती दुसरी. पहिली अशी, की सण आपल्या घरी २० तारखेला अचानक येतो. मन रिकामं असतं, वेळ नसतो, आणि मग जे वेळेने भरायचं ते आपण दुकानातून आणून भरतो.

पुढे जाण्याआधी एक सांगते. मी सांगेन ते सगळ्या घरांना सारखं लागू नाही. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर मी वेगळं सांगेन. नवरा-बायकोतलं एकच ख्रिस्ती असेल, तर सासरच्यांशी बोलण्याची रीतच निराळी. मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतील तर हिशेबाची वही त्यांच्यासमोर उघडून बसावं लागतं. आणि गेल्या वर्षीचं कर्ज अजून डोक्यावर असेल, तर मी १२,०००मधले सहा त्यातच भरा म्हणेन. तुमचं कर्ज फिटलंय, मुलं लहान आहेत, घर एका विश्वासाचं आहे. म्हणून पुढचं सांगायची हिंमत करते.

सुरुवात २५ डिसेंबरपासून करू नका, आगमनकाळापासून करा. नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. आपल्या बऱ्याच घरांत हे चार रविवार देवळातल्या फलकावर लिहिलेले असतात आणि तिथेच राहतात. ते घरात आणा. स्टीलच्या ताटात चार मेणबत्त्या लावायच्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. जांभळ्या-गुलाबी मिळाल्या तर छान, नाहीतर किराणा दुकानातल्या पांढऱ्या चालतात. संध्याकाळी दिवा घालवायचा, मेणबत्ती लावायची, एक वचन वाचायचं, एक गाणं म्हणायचं. दहा मिनिटं पुरतात.

ही मेणबत्त्यांची रीत कुठून आली ते मुलांना जरूर सांगा. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी घर चालवत होते. मुलं त्यांना रोज विचारायची, नाताळ कधी येणार? त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रोजच्या दिवसासाठी छोट्या लाल आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे किती दिवस उरले ते मुलांना दिसेल. आज बाजारात हिरव्या फांद्यांची महागडी चक्रं मिळतात, पण मूळ वस्तू अशी होती. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्या मुलांसाठी, बैलगाडीच्या नाहीतर घोडागाडीच्या चाकावर उभी केलेली. हे मी शब्बाथशाळेत सांगायचे तेव्हा मुलं आपापल्या घरी सायकलचं रिंग शोधायला लागायची.

या चार आठवड्यांत प्रत्येक रविवारी एक काम घ्या. मी कामाचं फार महत्त्व मानते. लहान मुलाला सण समजतो तो हातांतून.

पहिल्या रविवारी दारावरची चांदणी करा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा माळ्यावर असेल तर त्याच्या कामट्या सोडवून घ्या. नसेल तर बांबूच्या पातळ कामट्या बुरुडाकडून आणा, फार पैसे पडत नाहीत. पाच सारख्या लांबीच्या कामट्यांची एक पंचकोनी चांदणी बांधायची, तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून पाच टोकं दोऱ्याने घट्ट आवळायची. मग आतल्या पाच सांध्यांत वीतभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे पोट फुगतं आणि आत दिव्याला जागा होते. वरून पतंगाचा कागद. संक्रांत जवळ असल्यामुळे डिसेंबरात तो सगळीकडे मिळतो आणि ताव स्वस्त असतो. चिकटवायला मैद्याची खळ. आत छोटा एलईडी दिवा लावा, साधा बल्ब लावू नका, कागद तापतो. हे सगळं शंभर-दीडशे रुपयांत होतं, आणि रस्त्यावरून येताना मुलगी लांबूनच "ती आमची" म्हणेल. तयार चांदणीबद्दल मी मुलांना असं म्हणताना ऐकलेलं नाही.

दुसऱ्या रविवारी गव्हाणीचा देखावा मांडायला घ्या. आपण प्रोटेस्टंट घरांत हे कमी करतो, वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीकडे मात्र गोठा नसलेला नाताळ कल्पनेतही नसतो. मला विचाराल तर लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात तो असावा. या प्रथेचा उगमही साधा आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने लोकांना येशूचा जन्म किती गरिबीत झाला हे डोळ्यांनी दिसावं म्हणून खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी उभी केली. तुम्हाला विकतचा संच घ्यायची गरज नाही. मुलांनी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल. त्याच मातीचा बेथलेहेमचा डोंगर होतो. किल्ल्यावरचे मावळे खांद्यावर कांबळ्याचा तुकडा घेतला की मेंढपाळ होतात. पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी ठेवली असेल तर ती गोठ्यात बांधा. लूकच्या शुभवर्तमानात बैलाचा उल्लेख नाही, तो जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलाय. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं, असं तिथे म्हटलंय. एका वाटीत माती घालून मूठभर गहू पेरा. १३-१४ तारखेला पेरलेत तर २४ला चांगले हिरवेगार उभे राहतात. गव्हाणी मात्र रिकामी ठेवायची. बाळ २४च्या रात्री, तेही घरातल्या सगळ्यात लहानाच्या हाताने. तुमचा पाच वर्षांचा मुलगा त्या एका क्षणासाठी पंधरा दिवस थांबेल, तुम्ही बघाच.

तिसरा रविवार फराळाचा. इथे तुम्हाला सासूबाईंची गरज लागेल, म्हणून आता त्यांच्याबद्दल बोलते.

सासरच्यांना सांगणं हा भाग तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतोय, ते तुमच्या लिहिण्यावरून कळतं. माझं म्हणणं असं, की हे तुम्ही सांगू नका. तुमच्या यजमानांनी सांगावं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत. "आई, या वर्षी ओव्हरटाइम नाही, साड्या होणार नाहीत. पण तुम्ही दोघं तिसऱ्या रविवारच्या आधीच या, आम्हाला तुमच्या हातच्या करंज्या हव्यात." एवढंच. कारण लपवायचं नाही आणि लांबवायचंही नाही. बहिणींनाही त्यांनीच फोन करावा.

मी हे न केल्याची किंमत मोजलेली आहे. १९९१ साली आम्ही एका लहान गावातल्या मंडळीत होतो, यजमानांचं मानधन तीन महिने आलेलं नव्हतं. तरी मी कापड दुकानातून उधारीवर सासूबाईंना आणि दोन्ही नणंदांना साड्या घेतल्या. १,९०० रुपये. त्या काळी ते आमच्यासाठी डोंगराएवढे होते. मे महिन्यापर्यंत मी ते फेडत होते, आणि त्या सहा महिन्यांत त्या दुकानासमोरून जायचं टाळायची. पुढे केव्हातरी सासूबाईंना हे कळलं. त्या रागावल्या नाहीत. ती साडी ट्रंकेतून काढून मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी नेसले तरी असते गं मोकळ्या मनाने." त्यानंतर मी घरातल्या वडीलधाऱ्यांपासून पैशाची अडचण कधी लपवली नाही. बहुतेक सासू-सासऱ्यांनी आपल्यापेक्षा कठीण दिवस काढलेत, हे आपण विसरतो. १९७२चा दुष्काळ ज्यांनी नगर जिल्ह्यात पाहिलाय, सुकडी खाऊन खडी फोडायला गेलेत, त्यांना साडीवाचून नाताळ होतो हे आपण शिकवायला नको. उलट त्यांनाच विचारा, तुमच्या लहानपणी नाताळ कसा असायचा? नातवंडांना पुढ्यात बसवून विचारा.

प्रवासाचंही पाहून घ्या. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, आणि सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे असतील तर त्यांचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७४ मध्ये असतील तरी निम्मं. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. खासगी गाडी पाठवायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा.

आता फराळ. करंजी, शंकरपाळी, चिवडा एवढं पुरे. पाच-सहा पदार्थांचा हट्ट नको. आपल्याकडची करंजी आणि गोव्यातली नाताळची नेवरी या सख्ख्या बहिणीच आहेत, आणि ती तिथेही शेजाऱ्यांच्या घरी जाते. नानकटाई हवी असेल तर मैदा, साखर, तूप घेऊन जवळच्या बेकरीत जा. बऱ्याच बेकऱ्या आपल्या साहित्याची नानकटाई किलोमागे मजुरी घेऊन करून देतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र तिथे रांग लागते.

केक घरी करा. तुमच्याकडे ओव्हन नाही असं दिसतं, त्याने काही अडत नाही. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, लागेल तसं दूध. हे अर्धा तास भिजू द्या. मनुका आणि टुटीफ्रुटी आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवलेली असू द्या, या दिवसांत संत्री स्वस्त असतात, आणि तीच साल किसून थोडी घाला. शेवटी पाव चमचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर. जाड बुडाच्या कढईत तळाला मिठाचा थर, त्यावर ताटली, त्यावर केकचं भांडं. कढई आधी दहा मिनिटं तापवून घ्या, मग झाकण ठेवून मंद आचेवर साधारण पाऊण तास. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. घरभर वास सुटतो तो वासच मुलांच्या लक्षात राहतो. माझी मुलगी आता अबूधाबीला असते, ती ओव्हन असूनही दर नाताळला कढईतच करते.

चौथ्या रविवारी गाणी. एक वही करा आणि त्यात पाच-सहा गाणी मुलीच्या हाताने लिहून घ्या. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. ती टाळ आणि पेटीवर म्हणायची रीत आहे, आणि टाळ तर सासऱ्यांच्या पिशवीतूनच येतील. इंग्रजी कॅरल मुलांना शाळेत ऐकायला मिळतात, त्याला माझी हरकत नाही. पण आपल्या आजोबांच्या तोंडून अभंगाच्या चालीवर ख्रिस्तजन्माचं गाणं ऐकलं, की मुलाला ते आपलं वाटतं, आणि प्रभू आपल्या घरचा वाटतो. यासाठी एक पैसा लागत नाही.

गाण्यांवरून आठवलं, तुमच्याकडे मंडळीची कॅरल पार्टी, म्हणजे घरोघर नाताळची गाणी म्हणणारा गट, येणार असेल तर तिच्या खर्चाचीही धास्ती घेऊ नका. आमच्या मंडळीत एके काळी घरोघर स्पर्धा लागली होती. एका घरी समोसे झाले की पुढच्या घरी पुलाव. एका वर्षी यादी करताना मला दिसलं, की एका विधवा बहिणीने आपलं नाव स्वतःहून काढून घेतलंय. विचारलं तर म्हणाली, "पन्नास जणांना काय देऊ?" त्या बाईच्या दारात येशूजन्माचं गाणं होऊ नये, आणि तेही आमच्या खाण्यापायी, हे मला सहन झालं नाही. आम्ही सभेत ठराव केला, की कुठल्याही घरी फक्त आल्याचा चहा आणि एक कोरडा पदार्थ. काहींना राग आला, तो दोन वर्षं टिकला. पण त्या बहिणीच्या दारात आम्ही गेलो. तुमच्या मंडळीत असा नियम नसेल तर तुम्ही तुमच्या घरापुरता तो पाळा. चहा आणि शंकरपाळ्या, हसतमुखाने.

पैशाची विभागणी मी अशी करेन. सात पाकिटं घ्या, आणि सगळ्यात आधी दानाचं पाकीट भरा. १,२००. तुम्ही म्हणाल, एवढी ओढ असताना? मी तरी म्हणेन, हो. उरलेल्यातून दान करायचं ठरवलं की उरत नाही. आणि ज्या घरातून आधी दान निघतं त्या घराला आपण अगदीच कंगाल झालो असं वाटत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मग फराळ, केक आणि २५च्या जेवणाला ३,८००. बिर्याणी घरी, चिकनची. मटणाचा आग्रह या वर्षी सोडा. मुलांच्या कपड्यांना २,५००, पण असे कपडे की जे पुढे वाढदिवसाला आणि लग्नाकार्यालाही चालतील. मोठ्यांनी आहे त्यातलं चांगलं धुऊन, इस्त्री करून घालावं. मुलांच्या भेटींना प्रत्येकी ५०० म्हणजे १,०००, सोसायटीतली देण्याघेण्याची भेटही यातच बसवायची. एसटीला ५००. सजावटीला ५००. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहापाण्याला आणि शेजारच्या ताटांना १,०००. हे झाले १०,५००. उरलेले १,५०० पाकिटाबाहेर, बँकेतच राहू द्या, जानेवारीत शाळेचं काहीतरी निघतंच. क्रेडिट कार्ड १ डिसेंबरला यजमानांच्या कपाटात कुलपात. हप्त्यावर काही नाही, सोनंतारण तर मुळीच नाही.

यातल्या आकड्यांत तुम्ही फेरफार करा, तुमचं घर तुम्हाला माहीत. एका गोष्टीला मात्र कात्री लावू नका, ती म्हणजे शेजारची ताटं. दिवाळीत तुमच्याकडे शेजाऱ्यांकडून फराळ आलाय. ते ताट रिकामं परत द्यायचं नसतं. चार करंज्या, मूठभर चिवडा, केकचा एक तुकडा, वर रुमाल, आणि ताट मुलांच्या हातून पाठवा. मुलं सांगतील, आमच्या येशूचा वाढदिवस आहे. माझ्या हिशेबात तो सगळ्यात महत्त्वाचा खर्च आहे.

मुलांच्या भेटींबद्दल थोडं. सांताक्लॉज येणार का, हे मुलगा विचारेल. मी मुलांना खोटं सांगत नाही, मी त्यांना मूळ माणूस सांगते. चौथ्या शतकात, आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात तिथल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याबद्दल परंपरेने सांगतात, की एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैशाच्या थैल्या घरात टाकल्या. म्हणजे गुप्तदान. त्यांचा दिवस ६ डिसेंबर. त्या दिवशी तुमच्या दोघा मुलांना घेऊन असं एक काम करा. दानाच्या पाकिटातून किलोभर साखर, रवा, तेलाची पिशवी अशी शिधा बांधा, आणि ज्याला गरज आहे अशा कुणाच्या दाराशी ठेवून या, बेल वाजवून पळायचं. कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर खेळ संपला. मुलांना हे फार आवडतं. आणि भेट मिळण्यापेक्षा भेट देणारा होण्यात काय आहे, हे त्यांना त्या पळण्यातच कळतं.

२४ची रात्र साधी ठेवा. उपासनेहून आलात की टीव्ही लावू नका, फोन दुसऱ्या खोलीत. चारही मेणबत्त्या पेटवा. लूकचा दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं, वाटून वाचा. मुलगी वाचेल, आजोबा वाचतील. "गव्हाणीत ठेवले" इथे आलं की थांबा आणि मुलाला बाळ ठेवू द्या. मग एक गाणं, आणि प्रत्येकाची एक ओळीची प्रार्थना. यजमानांनी कामाबद्दल मोठ्याने प्रार्थना करावी, मुलांसमोर. बाप देवाकडे मागतो हे मुलांनी पाहावं. २५ला सगळं संपवायचीही घाई नको. सण ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांच्या सणापर्यंत चालतो. एखाद्या नातेवाइकाकडे नाताळला जाता आलं नाही तर ३ तारखेला जा, तेव्हा फळंही जरा स्वस्त असतात आणि माणसंही मोकळी.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच एक करा. आमच्या महिला संघात नाताळची भिशी होती. दहा बायका, महिन्याला ३०० रुपये, जानेवारीपासून. लकी ड्रॉ वगैरे काही नाही, नोव्हेंबरच्या शेवटी प्रत्येकीला आपले ३,३०० एकदम परत. आणि सगळ्या मिळून आडते बाजारातून रवा, साखर, मैदा पोत्याने आणून वाटून घ्यायचो. तुमच्या चर्चमध्ये चार जणी मिळाल्या तरी सुरू करा.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. तिने विचारलं, आपण गरीब झालो का. तुम्ही तिला "नाही गं, असं काही नाही" म्हणालात. मला समजतं, कुठलीही आई तेच म्हणेल. पण नऊ वर्षांच्या मुलीला घरातलं सगळं दिसत असतं. तिला जवळ घेऊन खरं सांगा. "हो, या वर्षी पैसे कमी आहेत. बाबांचं जास्तीचं काम बंद झालंय. जेवणाला, शाळेला आहेत. बाकीचं आपण हाताने करणार आहोत, आणि मला तुझी मदत लागेल."

आणि मग तिला लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं चोविसावं वचन वाचून दाखवा. नाताळला आपण विसाव्या वचनाशी थांबतो, म्हणून ते सहसा कानावर येत नाही. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात जातात आणि अर्पण करतात होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम दिलाय, की अशा वेळी कोकरू अर्पावं, आणि ज्या बाईला कोकरू परवडत नसेल तिने दोन पक्षी आणावेत. मरीयेने पक्षी आणले. तिच्याकडे कोकराचे पैसे नव्हते, ते तिने लपवलं नाही, उसनेही घेतले नाहीत, आणि मंदिरात जायची राहिलीही नाही.

आमच्या घरच्या गोठ्यात मेंढरांच्या बाजूला कागदाचे दोन पारवे असतात. माझ्या मुलीने ती आठ वर्षांची असताना केलेले, आता पिवळे पडलेत. नाताळला आलेलं एखादं मूल दरवर्षी विचारतं, इथे हे पारवे कशाला? मग घरातलं कुणीतरी त्याला खाली बसवून ही गोष्ट सांगतं. तुमच्या मुलीला पांढरा कागद आणि कात्री द्या, पारवे तिला करू द्या.